टॉवेलखालचा टीव्ही : आपल्या सीमेवरची पोरं आणि दुसरी भाषा

गेल्या महिन्यात एका बातमीसाठी तालुक्यातल्या एका शाळेत गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण गोष्ट त्या एका गावाची नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीवर मोठा टीव्ही लावलेला. त्यावर स्वच्छ धुतलेला टॉवेल. "लोकवर्गणीतून घेतलाय, धूळ बसू नये म्हणून झाकून ठेवतो," सर म्हणाले. शेजारच्या वर्गात सहावीची पोरं इंग्रजीचा धडा एका सुरात म्हणत होती. एक ओळ इंग्रजी, लगेच तिचा मराठी अर्थ, की पुढची ओळ. मी एका पोराला इंग्रजीत त्याचं नाव विचारलं. तो उभा राहिला, वहीकडं बघितलं आणि गप बसला. वहीवर त्याचं नाव इंग्रजीत लिहिलेलं होतं. अक्षर एकदम सुंदर.

मला हसू आलं नाही. कारण ३०-३५ वर्षांपूर्वी तो पोरगा मीच होतो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. पाचवी ते दहावी सहा वर्षं शिकलो, पास झालो, आणि त्या सहा वर्षांत इंग्रजी बोलणाऱ्या माणसाचा आवाज वर्गात एकदाही ऐकला नाही. पुढं पत्रकारितेच्या पदविकेला गेलो तेव्हा एका सरांनी इंग्रजी बातम्या ऐकून टिपणं काढायला लावली. पहिल्या दिवशी पानावर उतरलं ते फक्त 'इंडिया' आणि 'मिनिस्टर'. बाकी सगळं डोक्यावरून गेलं. लिहिलेले शब्द ओळखीचे होते हो, पण ते तोंडातून निघाल्यावर कसे वाजतात हेच माहीत नव्हतं.

म्हणून आज जरा मागं जाऊन लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा. प्रश्न साधा आहे : आपल्या भागातल्या माणसानं दुसरी भाषा कधी, कशी शिकली? आणि चित्र, आवाज, टीव्ही ही साधनं हाताशी असताना शाळेत ती का शिकली जात नाही?

आधी आपला पत्ता नीट सांगतो, कारण नव्या पोरांना तो माहीत नसतो. निलंगा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थान-राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. उदगीर, अहमदपूरही तिकडंच. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली आणि आपण मराठी भाग म्हणून मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात आलो. लातूर जिल्हा झाला तो थेट १६ ऑगस्ट १९८२ ला. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांचा जिल्ह्याचा गाव बीदर. सोयरीक तिकडं, बाजार तिकडं. अजूनही औराद शहाजानी, कासारशिरसीच्या बाजारात उभं राहिलात तर मराठी, कानडी आणि दखनी अशा तीन भाषा एका भावतालात ऐकू येतात. तांड्यावरची मंडळी आली की गोरमाटी चौथी.

या बाजाराला कुणी शिक्षक नेमला नव्हता. तरी भाजीवाली मावशी कानडी गिऱ्हाईकाला कानडीत आकडा सांगते, बागवान चाचा मराठीत भाव खाली आणतात. आणि ही देवाणघेवाण आजची नाही. दखनीत माणूस 'नक्को' म्हणतो ते आपल्या 'नको'वरून. शब्दाच्या शेवटी 'इच' लावून जोर देतात, तो आपला 'च'. आपण मोठ्या बहिणीला 'अक्का' आणि भावाला 'अण्णा' म्हणतो, ते कानडीकडून आलेलं. शेकडो वर्षं शेजारी राहून कानावाटे आलेले हे शब्द आहेत. वस्तू डोळ्यांसमोर, शब्द कानात, आणि लगेच उत्तर द्यायची गरज. भाषा शिकायची एवढीच रीत होती आणि ती चालत होती.

आता याच गावातली शाळा बघा. निजामाच्या राज्यात १८८० च्या दशकात कारभारातली फारसी जाऊन उर्दू आली. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, शिक्षणाचं माध्यम उर्दू. एका भारतीय भाषेतून विज्ञान, वैद्यक शिकवायचा तो मोठा प्रयोग होता, त्यासाठी भाषांतराचं वेगळं खातं उघडलं होतं. ते काम लहान नव्हतं, हे मान्य केलं पाहिजे. पण राज्यातल्या बहुसंख्य लोकांची घरची भाषा तेलुगू, मराठी आणि कानडी होती. पुढं शिकायचं, नोकरी करायची तर मराठी घरातल्या पोराला आधी उर्दू गिळावी लागायची. याच अस्वस्थतेतून १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, जिथं पुढं स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवलं. आपल्या भाषेत शिकायला मिळावं हा मुक्तिसंग्रामाचा एक धागाच होता.

माझे आजोबा उर्दू चौथीपर्यंत शिकलेले. सही उर्दूत करायचे. पाटी, खडू, गिरवणं आणि छडी. "अलीफ चुकला तर हातावर वळ उठायचा," असं सांगायचे. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान गेलं, कचेरीची भाषा बदलली, आणि ती लिहिलेली उर्दू आमच्या घरातून एका पिढीत पुसली गेली. वडिलांना येत नव्हती, मला अलीफसुद्धा ओळखता येत नाही.

याची किंमत काय ते २०२३ मध्ये सगळ्या मराठवाड्यानं बघितलं. आरक्षणाच्या आंदोलनानंतर न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं. दप्तरं निघाली, कपाटं उघडली, आणि मग कळलं की कागद उर्दूत आणि मोडीत आहेत, वाचणार कोण? आपल्याच आजोबांच्या नोंदी, आपल्याच गावच्या, आणि आपण दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत उभे.

पण एक गंमत लक्षात घ्या. कागदावरची उर्दू मेली, बाजारातली दखनी मात्र ठणठणीत आहे. आजोबांना छडी खाऊन आलेली भाषा घरातून गेली. आज्जीला चार बुकं न शिकता आलेली भाषा आजही गल्लीत चालते. कचेरीच्या भाषेला कचेरीचा आधार होता, तो गेला की ती गेली. कानातल्या भाषेला शेजाऱ्याचा आधार होता, तो आहे.

ही गोष्ट एका गुरुजींना साडेतीनशे वर्षांपूर्वी कळली होती. कोमेनियस त्यांचं नाव, आजच्या चेक देशातल्या मोराविया भागातले. त्या काळी युरोपातली पोरं लॅटिन शिकायची, तीही घोकून आणि मार खाऊन. कोमेनियस म्हणाले, पोरानं जी वस्तू बघितलेलीच नाही तिचा शब्द त्याच्या डोक्यात राहील कसा? १६५८ साली न्यूरेंबर्गला त्यांचं सचित्र पुस्तक छापलं गेलं. 'ऑर्बिस पिक्टस', म्हणजे चित्रांतलं जग. वर चित्र, चित्रातल्या वस्तूंना आकडे, आणि खाली त्याच आकड्यांनी लॅटिन आणि जर्मन वाक्यं. सुरुवातीला अक्षरओळख, तीही कशी, तर प्रत्येक अक्षरापुढं एक प्राणी आणि त्याचा आवाज. कावळा कसा ओरडतो, कोकरू कसं ओरडतं, त्यावरून अक्षर. चित्र आणि आवाज, दोन्ही एकाच पानावर. वीज नाही, यंत्र नाही.

आपल्याकडं चित्रांचे तक्ते आले ते याच विचारातून. पण आपण काय केलं? 'अ अननसाचा'. मला सांगा, आपल्या तालुक्यात अननस कुठं पिकतो? मी पहिलीत अननसाचं चित्र बघून त्याला 'कणीस' म्हणालो होतो. वर्ग हसला. आता वाटतं, चूक माझी नव्हती. मी चित्र बरोबर वाचलं होतं, माझ्या रानातल्या अनुभवानं. तांड्यावरच्या पोराचं तर विचारूच नका. त्याच्या घरी गोरमाटी. त्याला शाळेतली मराठी हीच दुसरी भाषा, आणि इंग्रजी तिसरी. उर्दू घरातल्या पोराचं तेच, कानडी घरातल्या पोराचं तेच. दुसरी भाषा म्हटलं की आपल्याला फक्त इंग्रजी आठवते. पण निलंग्यासारख्या सीमेवरच्या तालुक्यात किती पोरांना 'आई', 'पाणी', 'भाकरी' हे शब्दसुद्धा शाळेत नव्यानं शिकावे लागतात, याचा आपण विचार करतो का?

चित्रानंतर आला आवाज. तबकडीचा शोध लागला आणि लोकांना पहिल्यांदा परक्या भाषेचा आवाज घरात साठवून ठेवता आला. लंडनमध्ये १९०१ साली लिंग्वाफोन नावाची कंपनी निघाली, तिनं तबकड्यांवरून भाषा शिकवायचा धंदाच सुरू केला. आपल्या देशात ग्रिअर्सन साहेबांनी भारतीय भाषांची पाहणी केली, तेव्हा १९१३ नंतरच्या वर्षांत कितीतरी भाषा-बोलींचे नमुने तबकड्यांवर उतरवून घेतले गेले. बहुतेक ठिकाणी बायबलातली उधळ्या मुलाची एकच गोष्ट, प्रत्येकानं आपापल्या बोलीत सांगितलेली. साहेबाला कळलं होतं की नुसत्या लिपीवरून बोली कळत नाही, माणसाचा आवाज लागतो. १९४३ साली बीबीसीनं रेडिओवरून इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. आणि १९५८ साली आपल्या जुन्या राजधानीत, हैदराबादला, इंग्रजीची केंद्रीय संस्था उभी राहिली, इंग्रजीच्या शिक्षकांना घडवण्यासाठी. निलंग्यापासून ती फार लांब नाही. पण तिथला आवाज आमच्या वर्गापर्यंत यायला पिढ्या गेल्या, आणि काही वर्गांत तो अजूनही पोचलेला नाही.

शाळेत आवाज आला नाही. गावात मात्र आला. तो रेडिओवरून आला, आणि इंग्रजीचा नाही, हिंदीचा.

१९५२ ची गोष्ट. नभोवाणी खात्याचे मंत्री होते बा. वि. केसकर, मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे कट्टर. त्यांच्या काळात आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांना दार बंद झालं. लोकांनी काटा फिरवला तो थेट लंकेवर. रेडिओ सिलोनवर त्याच साली बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता. आमच्या गल्लीतले म्हातारे अजून सांगतात, एका हॉटेलात रेडिओ होता आणि बुधवारी चहा कमी, गर्दी जास्त. हिंदी पुस्तक कधी हातात न धरलेली माणसं अमीन सयानींच्या तालात बोलायला लागली.

या अमीन सयानींचीच गोष्ट ऐका. गुजराती वळणाच्या घरातला हा मुंबईचा माणूस, रेडिओवर सुरुवात केली ती इंग्रजीतून. त्यांच्या आई कुलसुम सयानी गांधीजींच्या सांगण्यावरून नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचं पत्र काढायच्या. भाषा साधी हिंदुस्तानी, पण लिपी तीन : देवनागरी, उर्दू, गुजराती. त्या पत्राच्या कामात आईला हातभार लावता लावता मुलाला ती साधी, सगळ्यांना कळणारी भाषा गवसली. म्हणजे अर्ध्या देशाच्या कानात हिंदुस्तानी ओतणाऱ्या माणसाला ती आधी स्वतः कमवावी लागली होती. शिकलेल्या भाषेची किंमत त्याला माहीत होती, म्हणून तो हळू बोलायचा, 'बहनो और भाइयो' म्हणून थांबायचा, शब्द कानात मुरू द्यायचा. चांगला भाषाशिक्षक याहून वेगळं काय करतो?

मग आला टीव्ही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, बरोबर एक वर्ष, देशात उपग्रहावरून शिक्षणाचा एक प्रयोग झाला. 'साईट' म्हणून तो ओळखला जातो. अमेरिकेचा उपग्रह उसना आणला होता, सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं निवडली होती. इस्रोनं गावागावात टीव्ही संच बसवले, आणि अँटेना कसला, तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची मोठी छत्री. सकाळी शाळेच्या पोरांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. हिंदी, कन्नड, तेलुगू आणि ओडिया अशा चार भाषांत. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. शेजारच्या गुलबर्गा जिल्ह्यात टीव्ही आला, आपल्याकडं नाही. सीमेच्या रेघेनं आधी जिल्हा बदलला होता, आता टीव्हीही त्याच बाजूला थांबला. वर्ष संपलं, उपग्रह मालकाकडं परत गेला.

आपल्या राज्यात शैक्षणिक कार्यक्रमांचं घर उभं राहिलं ते १९८४ साली, पुण्यात. बालचित्रवाणी. चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांना तिच्या कार्यक्रमांची धून आठवत असेल. मराठी पोरांसाठी मराठीत बनवलेले शेकडो कार्यक्रम तिथं तयार झाले. मी ते शाळेत नाही, शेजारच्या घरी बघितले, कारण शाळेत टीव्ही नव्हता आणि पुढं आला तेव्हा वीज नव्हती. केंद्राचा पैसा आटला, राज्यानं हात आखडला, कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि २०१७ मध्ये बालचित्रवाणीला कुलूप लागलं. त्यानंतर तीन वर्षांनी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि सरकारला पोरांसाठी टीव्हीवर धडे पाहिजे होते. बनवणारी स्वतःची संस्था सरकारनंच मोडून टाकलेली. शेवटी एमकेसीएल नॉलेज फाउंडेशननं 'टिलीमिली' मालिका केली, जुलै २०२० मध्ये ती सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. चांगली होती, कुटुंबानं मिळून बघायची होती. पण विहीर बुजवून टाकायची आणि आग लागल्यावर बादली शोधायची, ही आपली जुनी खोड.

मधल्या काळातला सगळ्यात मोठा भाषावर्ग मात्र शाळेबाहेरच भरला. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८, दर रविवारी सकाळी 'रामायण'. पुढं ऑक्टोबर १९८८ पासून 'महाभारत'. मी तेव्हा दुसरी-तिसरीत होतो. आमच्या गल्लीत एकच टीव्ही, काळा-पांढरा. ओट्यावर बायका, खाली पोरं, खिडकीला लटकलेले तरुण. हिंदीचा गंध नसलेली माझी आज्जी पुढच्या रांगेत, चप्पल बाहेर काढून. ती शेजारणीला विचारायची, "आता हा काय म्हणाला गं?" शेजारीण सांगायची, दुसरी दुरुस्त करायची, तिसरी वाद घालायची. सोमवारी आम्ही पोरं ज्वारीच्या ताटांचं धनुष्य करून 'भ्राताश्री', 'पिताश्री' करत फिरायचो. शाळेत हिंदी सुरू व्हायच्या आधी आम्ही हिंदीत भांडत होतो.

इथं मला मुद्दा सापडला, तो नीट सांगतो. आम्हाला हिंदी टीव्हीनं शिकवली असं आम्ही म्हणतो. खरं म्हणजे टीव्हीसमोर जमलेल्या माणसांनी शिकवली. यंत्रानं आवाज आणि चित्र आणलं. "काय म्हणाला गं?" हा प्रश्न आणि त्याचं उत्तर, हे माणसांनी आणलं. दुसऱ्या दिवशीचा खेळ पोरांनी आणला.

याला शास्त्राचा आधारही आहे. २००३ साली अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. इंग्रजी घरातली नऊ-दहा महिन्यांची बाळं घेतली. काही बाळांशी चिनी भाषा बोलणारी माणसं बारा वेळा येऊन खेळली, पुस्तकं वाचली, खेळणी दाखवली. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. काहींना नुसता आवाज ऐकवला. नंतर तपासलं, तर माणसाबरोबर बसलेल्या बाळांना चिनीतले बारीक उच्चार ओळखता आले. टीव्हीवाल्यांना नाही, आवाजवाल्यांनाही नाही. प्रयोग तान्ह्या बाळांवरचा आहे, मोठ्या पोरांना टीव्हीवरून थोडंफार येतं, हे खरं. पण समोर उत्तर देणारा कुणी असला तर फरक पडतो, हे माझ्या आज्जीच्या ओट्यानंही सांगितलं होतं.

आता आजकडं येऊ. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. शिक्षणमंत्री होते रामकृष्ण मोरे. निर्णयावर तेव्हा मोठा वाद झाला. पण खेड्यातल्या पोराला इंग्रजीचं दार लवकर उघडावं हा हेतू चांगला होता. अडचण वेगळीच. ज्या गुरुजींनी स्वतः इंग्रजी पाचवीपासून लिहून-लिहून शिकलेलं, कधी कानानं ऐकलेलं नाही, त्यांच्यापुढं सहा वर्षांची पोरं बसवली आणि सांगितलं, बोलायला शिकवा. दोष गुरुजींचा कसा? त्यांना आवाज कुणी दिला होता?

मग यंत्रांची लाट आली. आधी संगणक कक्ष. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं आणि गावागावात डिजिटल शाळेची हवा झाली. शिक्षकांनी खिशातून पैसे घातले, गावकऱ्यांनी वर्गणी केली. मराठवाड्यातल्या दुष्काळी वर्षांत लोकांनी शाळेच्या टीव्हीला पैसे दिले, हे विसरू नका. उद्घाटनाच्या बातम्या मीही छापल्यात, फीत कापतानाच्या फोटोसकट. सहा महिन्यांनी तो टीव्ही चालतो का, हे बघायला मी गेलो नाही. ही माझीही चूक आहे. वीजबिल कुणी भरायचं, बिघडला तर कुठं न्यायचा, आणि मुख्य म्हणजे तासाला तो कधी लावायचा नि कधी बंद करायचा, हे कुणी ठरवलंच नाही. मग टॉवेल येतो.

सगळीकडं टॉवेलच आहे असंही नाही. सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवले. मोबाईल धरला की कविता ऐकू येते, धड्याचं चित्र दिसतं. पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांतच ते कोड छापून आले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली.

त्याच लॉकडाऊनमध्ये सोलापूर शहरातल्या नीलमनगरात, कामगार वस्तीत, एका शाळेच्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडेच रंगवून टाकले. पोरगं दळण आणायला निघालं तरी वाटेत अक्षर, आकडे, शब्द. तिकडं पालघर जिल्ह्यात मोखाड्याकडच्या आदिवासी पाड्यांवर एका संस्थेनं भोंगा लावला आणि 'बोलकी शाळा' भरवली. एक ठिकाणी चित्र, एक ठिकाणी आवाज. मोबाईल लागला नाही, डेटा लागला नाही. कोमेनियस गुरुजींनी बघितलं असतं तर पाठ थोपटली असती.

उलट बाजूला आता घराघरात मोबाईल आहे. माझ्या ओळखीतलं चार वर्षांचं पोरगं कार्टूनचं हिंदी फाडफाड बोलतं. इंग्रजी बालगीतं तोंडपाठ. पण त्याला इंग्रजीत विचारलं की तुला काय पाहिजे, तर ते बघत राहतं. आमच्या टीव्हीसमोर ४० माणसं होती. त्याच्या मोबाईलसमोर ते एकटंच आहे. त्याला "काय म्हणाला रे?" असं विचारणारं कुणी नाही, आणि त्यानं विचारलं तर आई-बापही आपापल्या मोबाईलमध्ये.

२०२५ साली पहिलीपासून हिंदीवरून राज्यभर रान पेटलं. १६ एप्रिलचा शासन निर्णय, मग १७ जूनचा, आणि २९ जूनला दोन्ही मागं घेऊन नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती. लहान पोरांवर तिसरी भाषा लादू नये, या बाजूचा मी आहे. पण त्या सगळ्या गदारोळात मला एक गोष्ट खटकली. कोणती भाषा, कितवीपासून, यावर सगळे बोलले. शिकवायची कशी, यावर जवळजवळ कुणीच नाही. मराठी शाळेत गोरमाटी पोराला मराठी कशी शिकवायची, हा प्रश्न तर कुठल्याच मोर्चात नव्हता. भाषा वाचवायची म्हणजे नुसता फलक मराठीत करायचा असं नाही ना? पहिलीच्या वर्गात शेवटच्या ओळीत गप बसलेल्या पोरीला मराठी बोलावंसं वाटलं पाहिजे.

अशी एक पोरगी मी बघितली, तेही सांगतो आणि थांबतो.

टॉवेलवाल्या शाळेनंतर दोनच आठवड्यांनी दुसऱ्या एका शाळेत गेलो. दोन शिक्षकी, तांड्याजवळची. तिथंही टीव्ही, जुना, एका कोपऱ्यात रेघ उमटलेली. मॅडमनी एक छोटी फिल्म लावली, एक बकरी हरवते आणि सापडते अशी. एकदा आवाजासकट दाखवली. मग रिमोट घेतला आणि आवाज बंद केला. "आता तुम्ही बोला." फिल्म मुकी चालू आणि पोरं बोलायला लागली. कुणी मराठीत, कुणी गोरमाटीत. मॅडम गोरमाटी शब्द फळ्यावर देवनागरीत लिहीत होत्या, शेजारी मराठी. ज्याला जे येतं ते दुसऱ्याला सांगायचं. मग तिसऱ्यांदा फिल्म, आणि आता बकरी, पाणी, डोंगर, ये, जा एवढे चार-पाच शब्द इंग्रजीत. शेवटच्या ओळीतली एक पोरगी सगळ्यात जोरात ओरडत होती, कारण बकऱ्या तिच्या घरी होत्या. त्या तासाला ती सगळ्यांची गुरू होती.

मी विचारलं, हे कुठल्या प्रशिक्षणात शिकलात? मॅडम म्हणाल्या, "प्रशिक्षण कसलं सर. एक दिवस टीव्हीचा आवाजच गेला होता. पोरांना म्हटलं, तुम्हीच सांगा काय चाललंय ते. त्या दिवसापासून असंच करते."

म्हणून माझी तालुक्यातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांना हात जोडून विनंती आहे. नवा टीव्ही मागू नका, आहे त्यावरचा टॉवेल काढा. ग्रामपंचायतीनं शाळेच्या वीजबिलाचा विषय पुढच्या ग्रामसभेत घ्यावा. दिवसाला १५ मिनिटं दाखवा, आणि त्यानंतर १५ मिनिटं पोरांना बोलू द्या. तांड्यावरच्या आज्जीला, कानडी बोलणाऱ्या मामाला, उर्दू शाळेतल्या एखाद्या बाजींना वर्गात बोलवा, त्यांच्या गोष्टी मोबाईलवर रेकॉर्ड करा. ग्रिअर्सन साहेबानं शंभर वर्षांपूर्वी जे करवून घेतलं, ते आपल्याला आपल्या गावात बसून फुकट करता येतं.

आणि माझ्याकडून एवढं. ज्या ज्या शाळेच्या टीव्हीच्या उद्घाटनाची बातमी मी छापली, त्यातल्या जमतील तेवढ्या शाळांत यंदा पुन्हा जाणार आहे. चालू असेल तर लिहीन, टॉवेल असेल तरी लिहीन. तुमच्या गावच्या शाळेत काय आहे ते खाली कळवा. आणि हो, तुम्ही दुसरी भाषा कुणाच्या तोंडून शिकलात, तेही सांगा. माझी सुरुवात तर आज्जीच्या शेजारणीपासून आहे.